घंटा, मंडप आणि एक पत्र

प्रवासवर्णन लिहिणे हा माझा पिंड नाही. वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना एक इशारा देत असते: प्रवासी पुष्कळदा डोळ्यांनी पाहत नाही, आधी वाचलेले पुन्हा एकदा वाचून येतो. हा इशारा माझ्या स्वतःच्या बाबतीत किती खरा ठरला, ते सांगण्यासाठीच हे चार शब्द लिहीत आहे. त्यामुळे फिलाडेल्फिया या शहरात काय काय पाहावे, याची यादी शोधणाऱ्या वाचकाचा थोडा हिरमोड होण्याचा संभव आहे. यादी येईल, पण ती ओघाने येईल.

सुरुवात मात्र फिलाडेल्फियात नाही. ती आमच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या एका वर्गात आहे. २०१८ सालच्या जानेवारीत बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) शिकवत होते. कादंबरी संपत आली होती. नवव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी एकटीने समुद्रप्रवास, १८८६ च्या मार्चमध्ये वैद्यकीय पदवी, कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची नेमणूक आणि ती स्वीकारण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू, हा सारा क्रम फळ्यावर लिहून झाला होता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नसे. तिने विचारले, “मॅडम, एवढं सगळं सोसून ती परत आली आणि इथला एकही पेशंट न तपासता गेली. मग शिकून उपयोग काय झाला?”

वर्गात कोणीतरी हसले. मी क्षणभर थांबले आणि वीस वर्षांच्या सवयीने तयार असलेले उत्तर दिले: “ती पहिली होती, हाच उपयोग.” मुलगी खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, हे मला दिसले होते. पण तास संपत आला होता आणि पुढे परीक्षा होती. जूनमध्ये तृतीय वर्षाच्या हजेरीपटावर तिचे नाव आले नाही. लग्न ठरल्याचे तिच्या मैत्रिणीकडून कळले. माझ्या उत्तरामुळे तिने शिक्षण सोडले, असे मी म्हणणार नाही; शिक्षकाच्या शब्दांना एवढे बळ असते तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. पण तिचा प्रश्न आनंदीबाईंविषयी नव्हता, तो तिच्या स्वतःविषयी होता, हे मला सहा महिन्यांनी उमगले. तोवर उशीर झाला होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या नणंदेकडे जाण्याचा योग आला. “वहिनी, तुम्हाला न्यूयॉर्क दाखवते आधी,” ती म्हणाली. मी म्हटले, “न्यूयॉर्क राहू दे. मला फिलाडेल्फिया बघायचंय.” कारण सांगितल्यावर तिला जरा नवल वाटले. आनंदीबाई ज्या कार्पेंटर कुटुंबाकडे प्रथम उतरल्या, ते रोझेल हे गाव तिच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत होते. इतकी वर्षे ती त्या नावाची पाटी पाहत आली होती. तिला ते ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर नकाशा समोर येईपर्यंत मलाही नव्हते. ज्या गावाचे नाव मी दरवर्षी वर्गात उच्चारत होते, ते प्रत्यक्षात कुठेतरी असणार, हा विचारच कधी मनात आला नव्हता.

*

फिलाडेल्फियात उतरलेला प्रत्येक प्रवासी आधी घंटेकडे जातो. आम्हीही गेलो. ‘लिबर्टी बेल’ एका काचेच्या लांबट इमारतीत ठेवलेली आहे आणि तिच्यामागे काचेतून इंडिपेंडन्स हॉलचा मनोरा दिसेल, अशी योजना केली आहे. लोक रांगेने येतात, चिरेसमोर उभे राहून छायाचित्र काढतात आणि पुढे सरकतात. घंटा साधारण साडेनऊशे किलो वजनाची आहे. मनात कल्पिली होती त्याहून लहानच वाटली. १७५२ मध्ये ती लंडनहून आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. तेव्हा पास आणि स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. आज दिसते ती त्यांची, १७५३ सालची घंटा.

तिच्या चिरेविषयी तेथे जे वाचले, ते मात्र मला अगदी नवे होते. आपण जिला ‘चीर’ म्हणून पाहतो ती रुंद फट मुळात दुरुस्ती आहे. घंटेला आधीच एक बारीक तडा गेला होता. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जन्मदिनी ती वाजवता यावी, तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासू नयेत, म्हणून तो मुद्दाम कोरून रुंद केला गेला. त्या दिवशी वाजताना फटीच्या टोकापासून वर केसासारखी दुसरी रेघ गेली आणि घंटा कायमची मुकी झाली. म्हणजे सारे जग ज्या भेगेचे छायाचित्र काढते, तो तिला वाजती ठेवण्यासाठी केलेला प्रयत्न आहे. आणि जिने तिचा आवाज गेला ती रेघ बहुतेकांना दिसतही नाही.

‘लिबर्टी बेल’ हे नावही मूळचे नाही. राज्याच्या सभागृहाची ही साधी घंटा. तिच्यावर बायबलमधील सर्वांना स्वातंत्र्य घोषित करण्याविषयीचे वचन कोरलेले होते. १८३० नंतरच्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीतील माणसांनी ते वचन नव्याने वाचले आणि तिला हे नाव दिले. मला अर्थातच जोतीराव फुले आठवले. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना. एम. ए.ला असताना त्या अर्पणपत्रिकेवर मी टीप लिहिली होती, पाच गुणांची.

घंटेच्या इमारतीला लागूनच, उघड्यावर, एका पाडलेल्या घराच्या भिंतींचा आराखडा उभा केलेला होता. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन या जागी राहत असत. त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते, आणि त्या नऊ जणांची नावे दगडी भिंतीवर कोरलेली मी पाहिली. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग राहिला तर त्याला मुक्ती मागता येई. म्हणून ती मुदत भरण्याआधी त्यांना अधूनमधून राज्याबाहेर नेऊन आणले जात असे. ओनी जज नावाची तरुणी १७९६ मध्ये याच घरातून निसटली. हे स्मारक २०१० मध्ये खुले झाले. माझी नणंद तेथे बराच वेळ थांबली. नंतर म्हणाली, “मी ऑफिसच्या लोकांना घेऊन दोनदा आलेय इथे वहिनी, पण दोन्ही वेळा सरळ घंटेकडे गेले.”

तिला दोष देण्यात अर्थ नाही. प्रेक्षणीय स्थळ म्हणजे तरी काय असते? कसे पाहायचे, कोठे उभे राहून पाहायचे आणि पाहून काय वाटून घ्यायचे, हे जेथे आधीच ठरलेले आहे, अशी जागा. तेथे प्रत्येक गोष्ट शेवटाकडून सांगितली जाते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये या इमारतीत संमत झाला, राज्यघटना १७८७ मध्ये येथेच तयार झाली, हे ठाऊक असलेले डोळे घेऊनच आपण त्या हिरवी कापडे घातलेल्या मेजांच्या दालनात शिरतो. मेजांभोवती बसलेल्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. ४ जुलै १८७६ रोजी शताब्दीचा सोहळा ऐन भरात असताना सूझन अँथनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया न बोलावता पुढे गेल्या, स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा व्यासपीठावर देऊन आल्या आणि बाहेर चौकात अँथनीबाईंनी तो वाचून दाखवला. त्यांनाही आपला मताधिकार आणखी चव्वेचाळीस वर्षे दूर आहे, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. १९१५ मध्ये मताधिकाराच्या चळवळीने या घंटेची प्रतिकृती ओतवून गावोगाव फिरवली, तिची लोळी साखळीने बांधून. ती घंटा पहिल्यांदा वाजली ती १९२० मध्ये.

*

दुसऱ्या दिवशी मी मनाशी एक खेळ मांडला. जे जे दिसेल ते आनंदीबाईंच्या वेळी, म्हणजे १८८३ ते १८८६ या काळात, होते का, असे विचारायचे. शहराच्या मध्यावरील सिटी हॉल आणि त्यावर उभा विल्यम पेनचा पुतळा? इमारतीचे काम १८७१ ला सुरू झाले आणि १९०१ ला संपले. पुतळा १८९४ मध्ये चढला. म्हणजे त्यांनी पाहिला असेल तो परातींनी वेढलेला अपुरा मनोरा. घंटा? ती होती, पण १८८५ च्या पहिल्या सहामाहीत तीही रेल्वेने न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाला गेली होती. कलासंग्रहालयाची टेकडीवरची भव्य इमारत? ती १९२८ ची. तिच्या ज्या बहात्तर पायऱ्या ‘रॉकी’ (१९७६) या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाल्या, त्यांवर धावत जाऊन हात उंचावणारी मुले-माणसे मी पाहिली. एका आजोबांनी नातवाला खांद्यावर घेऊन शेवटच्या चार पायऱ्या धावून काढल्या आणि ओळखदेख नसलेल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या पायऱ्या चढून आत गेल्यावर, वरच्या मजल्यावर, मदुरैच्या मदनगोपालस्वामी मंदिराच्या आवारातला सोळाव्या शतकातला मंडप उभा आहे. चित्रे पाहून ठाऊक असूनही मी दारातच थबकले. काळसर ग्रॅनाइटचे खांब, त्यांवरच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती, सावकाश बदलणारा उजेड. एडलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या तरुणीने १९१२ मध्ये मदुरैच्या भेटीत हे कोरीव दगड विकत घेतले. तिच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये कुटुंबीयांनी ते तिच्या स्मरणार्थ संग्रहालयाला दिले. पुढे १९५४ पासून स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या विदुषीने येथील भारतीय कलाविभाग सांभाळला. मंडप नीट राखलेला आहे, प्रकाशयोजना उत्तम आहे, माहितीही प्रामाणिक आहे. तरी तेथे उभी असताना पाय काढायला हात नकळत चपलेकडे गेला आणि मी ओशाळले. येथे कोणी अनवाणी येत नाही. दिवा नाही, तेलाचा वास नाही, खांबाला टेकून झोपलेला म्हातारा नाही. मंडप मंदिरातून निघाला की त्याच्याकडे पाहता येते, त्यात बसता येत नाही.

आणि मग, का कोण जाणे, मला माझा वर्ग आठवला. वीस वर्षे मीही हेच करत आले होते. एका जित्याजागत्या बाईला तिच्या दिवसांतून उचलून ‘पहिली’ या चौथऱ्यावर ठेवले, उजेड पाडला, आणि मुलांना रांगेने समोरून नेले. सन लिहून घ्या. पुढे चला.

*

आनंदीबाई जेथे शिकल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये स्थापन झाले. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठीच काढलेल्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी ते एक. तेथील विद्यार्थिनी १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून, थुंकून त्यांचा अवमान केला होता. हे हॉस्पिटल बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. टॉमस बाँड यांनी १७५१ मध्ये स्थापिलेले. त्याचे १८०४ चे गोलाकार शस्त्रक्रियागृह हेही आता शहराचे एक प्रेक्षणीय स्थळ आहे. कॉलेज १९३० मध्ये ईस्ट फॉल्स भागात हलले, १९७० मध्ये तेथे पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला, आणि अनेक विलीनीकरणांनंतर ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सामावले. त्याचा दफ्तरसंग्रह मात्र जपला गेला. पत्राने आगाऊ वेळ ठरवून मी तेथे गेले.

तेथे पाटी नव्हती, रांग नव्हती. एक लांब मेज, एक खिडकी, बाहेर नोव्हेंबरातली पाने झडलेली झाडे. आधी ते प्रसिद्ध छायाचित्र पाहिले, १८८५ च्या ऑक्टोबरातले: भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशीच्या वेशात. हे छायाचित्र माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे. मी त्याच्याकडे पाहिले, आणि जे वाटायचे ते वाटून गेले.

मग पत्र समोर आले. १८८३ च्या जूनमधले, अमेरिकेत पोचल्यानंतर काही आठवड्यांतच कॉलेजकडे प्रवेशासाठी लिहिलेले. अक्षर ठसठशीत, थोडे उजवीकडे झुकलेले. मजकूर मला सारांशाने ठाऊक होता, मूळ मी कधी वाचले नव्हते. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे ती अठरा वर्षांची मुलगी स्वतःच सांगते आणि आपली परिस्थिती वेगळी आहे हे लक्षात घ्यावे, अशी विनंती करते. आप्त आणि ज्ञाती यांचा विरोध पत्करून आपण ज्या निर्धाराने येथवर आलो, तो निर्धार पुढेही कामी यावा, असे ती म्हणते. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिकायचे आहे, असेही म्हणते.

हे वाचताना मी थांबले ते एका साध्या गोष्टीपाशी. या पत्राला उत्तर काय येणार, हे पत्र लिहिणारीला ठाऊक नाही. पदवी, अभिनंदनाची पत्रे, क्षय, कोल्हापूर, यांतले काहीच तिला ठाऊक नाही. आपण ‘पहिल्या’ आहोत की नुसत्याच परत पाठवल्या जाणार आहोत, हेही नाही. पात्रता म्हणून दाखवायला तिच्यापाशी मुख्यतः निर्धार आहे, आणि संकोच न करता ती तोच पुढे करते. गोपाळरावांचा हट्ट, त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांची छडी, यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. कादंबरीच्या नावातही ते आहेत आणि त्यात वावगे काही नाही. पण या कागदावर तरी बोलते आहे ती आनंदी.

हा आवाज आपल्याला नवा असायला नको होता. काशीबाई कानिटकरांनी एकोणिसाव्या शतकातच आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. मीरा कोसंबी यांनी त्यांच्या पत्रव्यवहारावर कित्येक वर्षे काम केले. पदवीदानाला मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) मराठीत लिहिले. त्याआधी त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक याच फिलाडेल्फियात १८८७ मध्ये छापले गेले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या डीन रेचल बॉडली यांची. हे सारे आमच्या ग्रंथालयात किंवा फार तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळण्यासारखे होते. त्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जाण्याची गरज नव्हती. मी कादंबरीवर भागवले, कारण कादंबरी अभ्यासक्रमात होती आणि कादंबरीला शेवट होता.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला त्या मेजाशी बसून पुन्हा ऐकू आला. शिकून उपयोग काय? मी तिला शेवटाकडून उत्तर दिले होते: ती पहिली होती. पण जी मुलगी विचारत होती, तिच्यासमोर शेवट नव्हताच. तिच्यासमोर एक ठरू घातलेले लग्न होते, एक न भरलेला फॉर्म होता, आणि घरच्यांना काय सांगायचे हा पेच होता. ती आनंदीबाईंच्या पत्राच्या जागी उभी होती, मी तिला पुतळा दाखवला. ‘पहिली’ या शब्दात तिच्यासाठी काहीही नव्हते, कारण ती पहिली नव्हती आणि होणारही नव्हती. तिच्या उपयोगाचे होते ते एवढेच, की अटी पुऱ्या होत नाहीत हे स्वतःच कबूल करून, तरीही अर्ज कसा लिहावा.

नणंद संध्याकाळी न्यायला आली. परतताना थंडी फार होती. नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून आनंदीबाईंनी येथे गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली होती, हे मी तिला सांगितले. ती काही वेळाने म्हणाली, “मी पहिल्या वर्षी साडी बंदच केली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही.” मग दोघी बराच वेळ बोललो नाही.

*

परत आल्यावर त्या पत्राचे मी मराठीत भाषांतर केले. दरवर्षी कादंबरी सुरू करण्यापूर्वी ते वर्गात वाचते. लिहिणारीचे नाव, साल आणि पुढे काय झाले, हे मागाहून सांगते. आधी मुलांना एवढेच विचारते, की या अर्जदाराला प्रवेश द्यावा का? वाद होतो. अटी म्हणजे अटी, असे म्हणणारी मुले असतात, आणि त्यांचेही मी ऐकते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, “तिला नाही म्हणाले असते तर तिने काय केलं असतं, मॅडम?” मला उत्तर माहीत नव्हते. मी तसे सांगितले.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा पत्ता मी मैत्रिणीकडून मिळवला आणि भाषांतराची एक प्रत टपालाने पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या, की तू विचारलेल्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिले नव्हते, आणि बहिःस्थ प्रवेशाचे अर्ज अमुक तारखेपर्यंत घेतात. तिचे उत्तर आले नाही. पत्र पोचले की नाही, ते सासरच्या कोणी उघडले का, तिला ते वाचावेसे वाटले का, यातले काहीच मला ठाऊक नाही. पत्र पाठवणाऱ्याला ते ठाऊक नसतेच, हे आता मला कळते. अर्जाची तारीख बदलली की मी नवी तारीख लिहून एक कार्ड त्याच पत्त्यावर टाकते.